निळा पडलेला जोड

माझी सायकल कुणी केली, हे मी जवळजवळ तीन वर्षं कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही असं नाही. पुष्कळांनी विचारलं. सिग्नलला शेजारी थांबलेल्या अनोळखी मोटारसायकलवाल्यांनीसुद्धा हेल्मेटची काच वर करून विचारलं. मी हसायचो आणि पुढे जायचो. मी मुळातच कमी बोलणारा. पाटबंधारे खात्यात उभी हयात गेली, तिथेही ‘साहेब बोलत नाहीत, पण माणूस चांगला’ एवढीच माझी ओळख. कमी बोलण्याचा एक फायदा असतो. खोटं बोलावं लागत नाही. समोरचा माणूस ते स्वतःच तयार करतो, आपण फक्त मान हलवायची.

तर आता सांगतो. सायकल माझ्या मेव्हण्याने केली. बायकोचा धाकटा भाऊ. घरात सगळे त्याला भाऊच म्हणतात, त्याची आईसुद्धा. माणसं नामपूरची. हा आयटीआय करून नाशकात आला आणि अंबडला एका कारखान्यात वेल्डर म्हणून चिकटला. आधी दुधाच्या टाक्या, मग वाइनच्या टाक्या, मग औषध कंपन्यांची भांडी. पुढे त्या कारखान्यात टायटॅनियमच्या नळ्यांचं काम यायला लागलं. ते काम सगळ्यांना देत नाहीत. याला दिलं. त्याला विचारलं, की टायटॅनियममध्ये विशेष काय, तर तो म्हणायचा, “दाजी, लोखंड म्हणजे गडी माणूस, कसंबी वागवा, ऐकतं. हे नाय ऐकत. हे एकदा रुसलं की रुसलं.”

सायकलचं खूळ माझं. रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं, मला चालायचा कंटाळा. जुनी सायकल बाहेर काढली आणि कुणाच्या तरी ओळखीने रविवारी सकाळी त्र्यंबक रस्त्याला जाणाऱ्या एका ग्रुपमध्ये शिरलो. त्यात एक हाडांचे डॉक्टर, एक सीए, दोघे-तिघे बिल्डर. सगळ्यांच्या सायकली बाहेरच्या, कार्बनच्या, बोटावर उचलाव्यात अशा. माझी सायकल उचलायला दोन हात लागायचे. अंजनेरीच्या चढाला मी सगळ्यांच्या मागे असायचो आणि चहाच्या टपरीवर पोचेपर्यंत त्यांचे ग्लास रिकामे झालेले असायचे. कुणी वाईट वागत नव्हतं. फक्त माझ्याकडे बघून कुणी बोलत नव्हतं.

हे मी घरी एकदा सहज बोललो. सहज म्हणजे, जेवताना. भाऊ त्या दिवशी आमच्याकडे होता. दुसऱ्या रविवारी सुतळीचा गुंडा, खडू आणि टेप घेऊन हजर.

“दाजी, भिंतीला पाठ लावून उभे ऱ्हा.”

“कशाला?”

“उभे तर ऱ्हा.”

मग त्याने माझं माप घेतलं. खांद्यापासून मनगट, कंबर, मांडी, घोटा. प्रत्येक मापाला सुतळीला एक गाठ. पायाचं माप घ्यायला त्याने माझ्या हातात बायकोचं जाडजूड पाककृतीचं पुस्तक दिलं आणि म्हणाला, हे दोन पायांच्या मधे धरा, पार वरपर्यंत.

“अरे, काय हे!”

“लाजू नका. शिंपी समजा मला.”

“शिंपी इतका वर येत नाही.”

बायको दारात उभी राहून पदर तोंडावर धरून हसत होती. भाऊ मात्र गंभीर. त्याने डाव्या पायाचं माप तीनदा घेतलं. मग मान वर करून म्हणाला, “दाजी, तुमचा डावा पाय आखूड हाय.”

“काहीतरीच!”

“सात-आठ मिलिमीटर. जास्त नाय.”

“तरीच!” बायको म्हणाली. “तरीच यांची डावी चप्पल वेगळी झिजते. मी आपली चांभाराला दोष देत होते.”

सत्तेचाळीस वर्षं मी त्या पायावर उभा होतो. आईला कळलं नव्हतं, बायकोला कळलं नव्हतं, मला स्वतःला कळलं नव्हतं. हाताने केलेल्या वस्तूचं मोल काय, असं आता मला कुणी विचारलं तर मी हे सांगेन. दुकानातली सायकल कितीही महाग असली तरी तिला तुमचा डावा पाय माहीत नसतो.

नळ्या त्याने मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून आणल्या. त्यांना काय पडले ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं तेव्हा त्याने कानाला हात लावले. पुढे धोंड्याचा महिना येत होता. अधिक महिन्याला आमच्याकडे धोंड्याचाच महिना म्हणतात. दर तीन वर्षांनी येतो, जावयाला सासुरवाडीला बोलावतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात आणि वाण देतात. भाऊ म्हणाला, “हे तुमचं धोंड्याचं वाण. वाणाची किंमत जावयाला सांगत नसतात.” बायकोही म्हणाली, नका विचारू, त्याला वाईट वाटेल. मी नाही विचारलं. न विचारणं मला सोपंच जातं.

त्याची भाड्याची खोली, मागे पत्र्याची एक शेड. शेडमध्ये त्याचं जुनं विकत घेतलेलं आर्गन वायूचं वेल्डिंग मशीन, गॅसचा सिलिंडर आणि मधोमध लोखंडी चॅनेलचा एक साचा. त्या साच्यात नळ्या आवळून बसवायच्या, म्हणजे फ्रेम वाकडी होत नाही. साचा त्याने स्वतः केला होता, महिनाभर रोज पाळी संपल्यावर खपून.

उन्हाळ्याचे दिवस. रविवारी दुपारी आम्ही दोघं नवरा-बायको तिकडे जायचो. आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे पंखा बंद. मग खिडकी बंद, मग दार. टायटॅनियमला वितळलेलं असताना हवा लागून चालत नाही. त्याच्यावर सतत आर्गनचं पांघरूण लागतं, नळीच्या बाहेरूनही आणि आतूनही. वाऱ्याची झुळूक आली की ते पांघरूण सरकतं आणि जोड निळा पडतो. चांगला जोड चांदीसारखा असतो. फिका सोनेरी झाला तरी चालतो. निळा नाही. निळा दिसायला फार सुंदर दिसतो, पण आतून ठिसूळ झालेला असतो. हे सगळं भाऊने आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं, “काय बी करा, माझं चालू असताना दार उघडू नका.”

पत्र्याखाली मे महिन्यात बंद दाराने बसणं म्हणजे काय, ते सांगायला नको. तो तोंडावर हेल्मेट घेऊन, हातात धुतलेले सुती मोजे घालून वाकायचा. नळीला उघडा हात लावायचा नाही, बोटाचं तेलसुद्धा तिला चालत नाही. घामाचा थेंब जोडावर पडला तर संपलंच. म्हणून माझी बायको त्याच्या शेजारी स्टुलावर स्वच्छ पंचा घेऊन बसायची. एक जोड झाला, हेल्मेट वर गेलं, की ती त्याचं कपाळ, मान, भुवया पुसायची. लहानपणी शेंबूड पुसला असेल त्याच हाताने. तो डोळे मिटून मान पुढे करायचा. मी कोपऱ्यात उलट्या बादलीवर. मला तिथे काही काम नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी माझा फोन थरथरला. ऑफिसचा होता, कालव्याच्या पाण्याचं कसलं तरी आवर्तन सुटायचं होतं. भाऊचं तेव्हा हेल्मेट खाली, बायकोची दाराकडे पाठ. मी हळूच उठलो, दार उघडलं, बाहेर जाऊन बोललो. खरं सांगायचं तर त्या फोनमध्ये काही एवढं नव्हतं. मला फक्त दोन मिनिटं बाहेरची हवा हवी होती. बाहेर जाताना मी दार मागे लोटलं. ते पत्र्याचं दार चौकटीला नीट बसत नाही, वर उचलून दाबावं लागतं. मी नुसतं लोटलं. परत आलो तेव्हा ते वीतभर उघडं होतं. मी आत आलो, उचलून बंद केलं आणि बादलीवर बसलो.

भाऊने हेल्मेट वर केलं. बायकोने पंचा पुढे केला, तर त्याने तिचा हात बाजूला सारला. तो जोडाकडे बघत होता. सीटखालच्या नळीचा जोड. मोराच्या मानेसारखा निळा.

“हे कसं झालं?” तो स्वतःशीच म्हणाला.

मी दाराकडे बघितलं. मला कळलं. त्याच क्षणी कळलं. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. मी नाही बोललो. वाटलं, आता नको, तो चिडलेला आहे, जरा वेळाने सांगू. जरा वेळाने तो सिलिंडरच्या मागे लागला. गॅसच भेसळीचा असणार म्हणाला. फोन लावून गॅसवाल्याशी भांडला. मग गॅसची नळी तपासली, मग वेल्डिंगचा टॉर्च. शेवटी मोजे काढून स्वतःचे हात बघत बसला.

“चालून जाईल की रे,” मी म्हणालो. हे मी म्हणालो, हे विशेष.

“दाजी, याच्यावर बसून तुम्ही घाट उतरणार.”

त्याने ती नळी कापून काढली. तीन रविवारांचं काम वाया. नवी नळी आणली, परत सगळं बांधलं. त्यानंतर एकही जोड निळा पडला नाही. पण मी पाहिलं, प्रत्येक जोडाच्या आधी तो हेल्मेट खाली ओढण्यापूर्वी क्षणभर थांबायला लागला होता. आधी थांबत नव्हता.

धोंड्याच्या महिन्यात नामपूरला गेलो. पाटावर बसवलं, औक्षण केलं, तेहतीस अनारशांचं ताट पुढे ठेवलं. आणि मग भाऊने आतल्या खोलीतून सायकल आणली. चादरीत गुंडाळलेली. रंग नाही, काही नाही, पावसाळी आभाळाच्या रंगाची नुसती धातूची फ्रेम. डाव्या पेडलवर टायटॅनियमचीच एक चपटी पट्टी, सात-आठ मिलिमीटरची.

“मोठे, बारके, बाटलीचे, तारांचे, सगळे धरून तेहतीस जोड बसवले दाजी,” तो म्हणाला. “आईचे तेहतीस अनारसे, माझे तेहतीस टाके.”

सासूबाई जवळ आल्या, वाकून एका जोडावरून बोट फिरवलं. वेल्डिंगच्या बारीक लाटा एकावर एक बसलेल्या होत्या. “अनारसानी जाळी शे जशी,” त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. मग शेजारणींना हाक मारून अंगणात सायकल दाखवली. “मन्हा पोऱ्यानी करेल शे,” माझ्या पोराने केलीय, असं प्रत्येकीला सांगितलं. त्यांना ते सांगायला काही जड गेलं नाही.

पुढच्या रविवारी त्या सायकलवर त्र्यंबकच्या पुढे हरसूलच्या रस्त्याला गेलो. तो रस्ता वर-खाली, वळणावळणाचा आणि पावसाने उखडलेला. टायटॅनियम म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. खड्डा लागायचा, पण खड्ड्याचा राग हातापर्यंत यायचा नाही. फ्रेम तो वाटेतच जिरवायची. कुणीतरी मला सांभाळून नेतंय असं वाटत होतं. चढावर मी पहिल्यांदाच दोघांच्या पुढे होतो. आणि टपरीवर पोचल्यावर डॉक्टर माझ्या सायकलपाशी उकिडवे बसले.

“नवी?”

“हं.”

“पेंट नाही, म्हणजे टायटॅनियम. आणि हे जोड बघा, हातचं काम आहे. बाहेरची ना?”

“हं.”

बस्स. एवढंच. इतका लहान शब्द.

“साडेतीन-चार लाख तरी मोजले असतील,” सीए म्हणाला.

मी चहा फुंकत राहिलो.

“अहो साहेब, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात!”

सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून माझ्यासाठी चहा थांबायला लागला.

बरेच दिवस मी स्वतःला समजावत होतो, की सासुरवाडीकडून सायकल घेतली हे चारचौघांत कसं सांगायचं, लोक काय म्हणतील. ते कारण नव्हतं. कारण हे होतं, की सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मेव्हणे काय करतात? आणि मला ‘वेल्डर’ म्हणावं लागलं असतं. लिहायलाही जड जातंय, पण तेच होतं. ज्या माणसाने माझ्या पायाचं माप माझ्या आईपेक्षा नीट घेतलं, त्याची मला लाज वाटत होती.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी विचारलं, हिच्यावर नाव कसं नाही? कंपनी नाव तर टाकतेच. मी म्हणालो, मागवलंय. तिथे पहिल्यांदा मला तोंडाने खोटं बोलावं लागलं. मग नाशकातच द्वारका चौकात एका रेडियमवाल्याकडे गेलो. मोटारींच्या काचांवर देवांची नावं चिकटवणारा तो. कागदावर इंग्रजीत एक नाव लिहून दिलं. मीच जुळवलेलं, ऐकायला युरोपातलं वाटेल असं.

“कुठली कंपनी ही साहेब?”

“आहे एक.”

“पंधरा मिनिटं थांबा. रंग कुठला, काळा की चंदेरी?”

“काळा.”

त्याने ते नाव खालच्या नळीवर फार सफाईने चिकटवलं.

भाऊबीजेला भाऊ आला. ओवाळून झालं की तो दर वेळी गॅलरीत जायचा, सायकल उलटी करून चाकं वर करायचा आणि एकेका जोडावरून अंगठा फिरवायचा. मला वाटायचं, स्वतःचं काम बघून सुखावतोय. त्या पहिल्या भाऊबीजेला अंगठा फिरत फिरत त्या नावापाशी आला आणि थांबला.

“दाजी, हे काय?”

“असंच. रिकामं रिकामं वाटत होतं.”

त्याने ते नाव वाचलं. ओठ हलवत वाचलं. मग सायकल सरळ केली, हँडल पुसलं. “चांगलं दिसतंय,” म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “काढायचं झालं कधी, तर ब्लेड लावू नका. खोबरेल तेल लावा. सुटतं.”

जाताना चपला घालत त्याने मान वर न करता विचारलं, “तुमच्या ग्रुपात कुणाला असली पाहिजे असली तर सांगा. कारखान्यातून उठून हेच करावं असं वाटतंय. लय आवडलं मला ते काम.”

“विचारतो,” मी म्हणालो.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला विचारलं होतं. स्वतःसाठी अगदी अशीच हवी म्हणून, कंपनीचा पत्ता द्या म्हणून. मी म्हणालो, त्यांनी नवीन ऑर्डरी घेणं बंद केलंय. आणि भाऊला महिन्याभराने सांगितलं, “सगळ्यांना कार्बनच पाहिजे रे.”

“असंल, असंल,” तो म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो, तर शेडमधला साचा दिसेना. मागे बघितलं, तर त्याच्या चॅनेलवर पाण्याची टाकी ठेवली होती. मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

आता या वर्षीची गोष्ट. डॉक्टरांनी शेवटी दुसऱ्या कुणाकडून तरी परदेशातून टायटॅनियमची फ्रेम मागवली होती. ती एकदा मोटारीच्या मागच्या स्टँडवरून निसटून रस्त्यावर पडली आणि मागच्या चाकाजवळचा जोड तडकला. रविवारी टपरीवर ते हळहळत होते. पाठवायची म्हणजे परत सहा महिने गेले. नाशकात टायटॅनियमला कोण हात लावणार? “साहेब, तुमची ज्यांनी केली त्यांना एक मेल टाकून बघता का?”

माझ्या हातात ग्लास होता. चहा गरम होता, फुंकत राहता आलं असतं. पण मला तो गॅलरीत उलट्या सायकलवरून फिरणारा अंगठा दिसला. मी म्हणालो, “ते अंबडला राहतात.”

“कोण?”

“ज्यांनी माझी केली ते. माझा मेव्हणा आहे. वेल्डर आहे.”

डॉक्टरांनी माझ्या सायकलकडे बघितलं. “आणि हे नाव?”

“द्वारकेला करून घेतलं. रेडियमचं.”

आधी ते हसले. मोठ्याने हसले, सीएसुद्धा. मग डॉक्टरांचं हसू थांबलं. “मग तेव्हा मला का नाही हो सांगितलंत? मी सात महिने थांबलो एका फ्रेमसाठी.”

“लाज वाटत होती.”

“सायकलची?”

“नाही,” मी म्हणालो.

संध्याकाळी त्यांनी फ्रेम माझ्या घरी आणून ठेवली.

त्या रात्री मी खोबरेल तेल लावून नाव काढलं. भाऊ म्हणाला होता तसंच, अलगद सुटलं. बायको बघत होती. म्हणाली, “त्याने मला तेव्हाच सांगितलं होतं, ताई, दाजींना काही बोलू नको, त्यांना तिथं बसायला जागा पाहिजे.” एवढं बोलून ती आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. बरोबर होतं तिचं.

रविवारी दुपारी आम्ही दोघं डॉक्टरांची फ्रेम घेऊन भाऊकडे गेलो. त्याने ती उन्हात धरून नीट बघितली. तडकलेल्या जागेवर नख फिरवलं. आणि परत माझ्या हातात दिली.

“नाय जमणार दाजी.”

“का?”

“कारखान्यात साहेब उभा असतो, तपासणी होते, एक्स-रे निघतो. इथं कोण हाय तपासायला? आणि माझा हात आता राहिला नाय.”

“हाताला काय झालं?”

तो टाकीकडे वळला. मग म्हणाला, “तुम्हाला आठवत नसंल. तुमच्या फ्रेमला तो सीटखालचा जोड निळा पडला होता. मी गॅस बदलला, नळी बदलली. पण कारण सापडलंच नाय. म्हणजे मग हातच. कुठं तरी चुकलो आणि कुठं ते कळलं नाय. ज्या चुकीचं कारण कळत नाय, ती परत होणार. म्हणून म्हटलं, लोकांच्या जिवावर नको. तुम्ही म्हणालात कुणाला पाहिजे नाय, तेव्हा खरं तर बरंच वाटलं.”

“पण माझी सायकल तर दिलीस तू.”

“तुमची मी दर दिवाळीला तपासतो ना.”

मला वाटलं होतं तो सुखावून बघतोय. तो भीत होता. माझ्यासाठी, वर्षातून एकदा, एकेक जोड.

“भाऊ, दार उघडं होतं,” मी म्हणालो.

“कुठलं दार?”

“या शेडचं. त्या दिवशी. मी फोन घ्यायला बाहेर गेलो. तुझं हेल्मेट खाली होतं. जाताना दार नुसतं लोटलं, उचलून दाबलं नाही. परत आलो तर वीतभर उघडं. तुझा जोड निळा पडला तेव्हा मला कळलं होतं. मी बोललो नाही.”

भाऊ एकदम पुढे आला. मला वाटलं, आता हात उगारतो की काय. तो शेडमध्ये गेला. साचा होता त्या जागी जाऊन उभा राहिला, दाराकडे तोंड करून.

“वारा कुठून होता?”

“दुपारी असतो तसा. पश्चिमेचा.”

“म्हणजे इकडून.” त्याने हवेत हात धरला, जणू नळी अजून तिथेच होती. “डावी बाजू. निळा डाव्या बाजूलाच होता. उजवीकडं चांदी होती. मी म्हणत होतो एकाच बाजूला कसा काय!” तो हसला आणि लगेच त्याचा चेहरा वाकडा झाला. “तीन वर्षं, दाजी. तीन वर्षं मी त्या गॅसवाल्याकडं बघत नाय. पोरीच्या लग्नाला बोलवायला घरी आला होता, मी गेलो नाय. आणि दार होतं?”

“आणि तुम्ही गप्प बसलात?” बायको म्हणाली.

“हो.”

“त्या स्टिकरचं एक वेळ मी समजू शकते,” ती म्हणाली.

भाऊ बाहेर गेला. टाकीच्या नळाखाली त्याने तोंड धुतलं, मग डोकंच नळाखाली धरलं. बराच वेळ. आम्ही दोघं शेडमध्ये उभे. मला माफी मागायची होती, पण ती मागून मला मोकळं वाटलं असतं, त्याला काय मिळालं असतं? मी गप्प राहिलो. या वेळी मात्र लपवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

तो ओल्या डोक्याने आत आला. डॉक्टरांची फ्रेम उचलली, परत एकदा तडकलेल्या जागेवर नख फिरवलं. कपाटातून मोज्यांची जोडी काढली, वास घेतला, बाजूला टाकली आणि धुतलेली दुसरी काढली.

“ताई, पंचा हाय का स्वच्छ?”

“आहे.” तिने तो घरूनच आणला होता. मला माहीत नव्हतं.

त्याने स्वतः जाऊन पंखा बंद केला, खिडकी लावली. सिलिंडरची चावी फिरवली, बारीक फुसफुस सुरू झाली. हेल्मेट डोक्यावर चढवून तो थांबला, माझ्याकडे बघितलं.

“दाजी, तुम्ही दारापाशी.”

मी दार वर उचललं, दाबलं आणि त्याला पाठ लावून जमिनीवर बसलो. पत्रा तापलेला होता, शर्टातून चटके बसत होते. बाहेर वारा होता. मधूनमधून तो दाराला धक्का देत होता आणि मी त्याला पाठीने अडवत होतो. भाऊने हेल्मेट खाली ओढलं. या वेळी तो थांबला नाही. शेडच्या पत्र्यावर निळसर उजेड थरथरायला लागला. मी डोळे मिटून घेतले.

उजेड गेला. फुसफुस चालूच होती. जोड थंड होईपर्यंत टॉर्च त्याच्यावर तसाच धरून ठेवावा लागतो. बायको वाकली असावी, तिच्या बांगड्या वाजल्या.

“चांदी आहे रे, भाऊ,” ती म्हणाली. “सगळीकडून चांदी.”

मी उठायला लागलो.

“बसा तिथंच,” हेल्मेटमधून आवाज आला. “अजून गार व्हायचंय. दार सोडू नका.”

मी परत पाठ लावली.